पटवर्धनांची माणसे

सुधीर पटवर्धन यांच्या चित्रांतला कष्टकरी माणूस देखणा नसतो. खांदे ओघळलेले, अंग जड, चेहऱ्यावर दिवसभराचा शीण. तरीही तो कुठे केविलवाणा वाटत नाही.

यातच या चित्रकाराचे मोठेपण आहे.

१९४९ साली पुण्यात जन्मलेले पटवर्धन डॉक्टर झाले आणि २००५पर्यंत त्यांनी ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून व्यवसाय केला. दिवसा क्ष-किरणांच्या फिल्मवर शरीर न्याहाळायचे आणि उरलेल्या वेळात कॅनव्हाससमोर उभे राहायचे, असा हा दुहेरी संसार कित्येक वर्षे चालला. शरीररचना इतकी पक्की ठाऊक असूनही ते आकृती हवी तशी वाकवतात, जाड करतात. ही मोडतोड शैलीच्या हौसेपोटी नाही. अंगात मुरलेले कष्ट त्या वजनदार, ओबडधोबड देहातूनच दिसतात. नुसत्या हुबेहूब चित्रणाला ते साधले नसते.

‘ट्रेन’मध्ये त्यांनी लोकलचा प्रवासी रंगवला. पुढे ‘लोअर परळ’मध्ये बदलते गिरणगाव आले. पण ज्यांची ही चित्रे, ती माणसे कलादालनाची पायरी क्वचितच चढतात. महापालिका आणि रेल्वेने निदान मोठ्या प्रतिकृती तरी ठाणे, परळच्या स्थानकांवर लावाव्यात.