नकार आला म्हणून हस्तलिखित कपाटात का?

प्रकाशकाचा नकार आला की आपल्यातले कितीतरी लिहिणारे कायमचे गप्प होतात. 'फार कडवट आहे', 'भाषा प्रमाण नाही', 'वाचकवर्ग मर्यादित' ही कारणे आम्हाला पाठ झाली आहेत. पण नकार नेमका कशाला आहे, हे आम्ही तपासतो का?

१९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलावले आणि भाषण वाचून मंडळी घाबरली. वेदांवरचा, धर्मग्रंथांवरचा भाग गाळा म्हणाली. बाबासाहेब स्वल्पविरामही बदलायला तयार झाले नाहीत. परिषद रद्द झाली. त्यांनी तेच भाषण स्वखर्चाने छापले. प्रती १५००, किंमत आठ आणे (गांधीजींना तीही जास्त वाटली!). दोन महिन्यांत आवृत्ती संपली.

तेव्हा विचार गाळा म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणायचे. आईची बोली 'अशुद्ध' ठरवणाऱ्यालाही. मात्र प्रसंग विस्कळीत आहे, तेच तेच पुन्हा आले आहे, असे कोणी दाखवून दिले तर त्याला मनुवादी म्हणून मोकळे होऊ नका. ते पान पुन्हा लिहा. हा फरक न करणारे आमच्यातही कमी नाहीत.

आणि सगळ्यांनीच नाकारले, तर वर्गणी काढून छापू. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर, धम्मचक्र प्रवर्तनदिनी दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात. लोक प्रवासखर्चातून पैसे वाचवून पुस्तके नेतात. 'वाचकवर्ग मर्यादित' म्हणणाऱ्या संपादकांनी तिथे एक दिवस उभे राहून दाखवावे.