गाविलगडाच्या दारातला पक्षी

नांदगाव पेठेहून परतवाड्यामार्गे चिखलदऱ्याला जाणारे बहुतेक प्रवासी गाविलगडाच्या दरवाज्यातून न थांबता आत शिरतात. आम्हीही पूर्वी तसेच शिरलो होतो. या खेपेस मात्र दगडात कोरलेल्या गंडभेरुंडापाशी, त्या दोन डोक्यांच्या पक्ष्यापाशी, पाय थबकले.

हे चिन्ह विजयनगरच्या मुलखातले. सुलतानी किल्ल्यावर ते आले कसे? उत्तर बहुधा फतहुल्ला इमादउल्मुल्काच्या आयुष्यात आहे. जन्म कानडी हिंदू घरात, लहानपणीच विजयनगरच्या लढाईत कैद, मग धर्मांतर आणि १४९०मध्ये वऱ्हाडच्या इमादशाहीची स्थापना.

स्कॉटलंडातील पिक्ट लोकांच्या कोरीव शिळांवरील चिन्हांचा अर्थ आजही निर्विवादपणे लागलेला नाही. आपल्या पक्ष्याचा अर्थ लावता येतो, तर आपण तो ‘आमचा की त्यांचा’ एवढेच विचारतो! आमच्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. ज्याचे घर, नाव आणि धर्म बालपणीच हिरावले गेले, त्याने सत्ता हाती येताच दारावर आपले मूळ कोरून घेतले असावे. वऱ्हाड घडला तो अशा सरमिसळीतून.

१८०३मध्ये वेलस्लीच्या तोफांपुढे गड पडला, पक्षी उरला. शाळांच्या सहलींनी त्याच्यापुढे दोन घटका थांबावे आणि कोणीतरी ही हकीकत मुलांना सांगावी, एवढेच आमचे मागणे.