कुंभमेळ्याचं ॲप सर्वात आधी कोणाच्या हातात द्यायचं?

समजा, २ ऑगस्ट २०२७ ची पहाट आहे. नाशिकमध्ये सिंहस्थाचं पहिलं अमृतस्नान. रामकुंडाकडे जाणारे रस्ते माणसांनी भरलेत. गर्दीत एका कुटुंबातले आजोबा हरवतात. नातू मोबाईल काढतो, कुंभमेळ्याचं ॲप उघडतो आणि स्क्रीनवर नुसतं चाक फिरत राहतं.

एरवी ॲप अडकलं की कंपनी चार दिवसांत अपडेट देते आणि लोक विसरून जातात. पर्वणीला ती सवलत नाही. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, मग २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर २०२७ ला अमृतस्नानं, त्र्यंबकेश्वरला तिसरं स्नान १२ सप्टेंबरला. या तारखा पुढे ढकलता येत नाहीत.

मग अशी यंत्रणा आधी तपासायची कशी? सॉफ्टवेअरच्या जगात याचं एक जुनं उत्तर आहे: अर्ली ॲक्सेस.

अर्ली ॲक्सेस म्हणजे नेमकं काय?

तयार होत आलेलं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी मोजक्या, निवडलेल्या लोकांना वापरायला देणं, त्यांना काय अडतं ते बघणं आणि त्यानुसार बदल करणं.

सर्वात गाजलेलं उदाहरण जीमेलचं. १ एप्रिल २००४ ला जीमेल आलं, पण कुणालाही थेट खातं उघडता येत नव्हतं. आधीच्या वापरकर्त्याकडून निमंत्रण मिळालं तरच प्रवेश. यात प्रसिद्धीचा भाग होताच, पण सगळे एकदम आले असते तर सर्व्हरना भार पेलला नसता, हेही कारण होतं. जीमेलच्या नावापुढची 'बीटा' ही पाटी थेट जुलै २००९ मध्ये निघाली.

डेमो आणि अर्ली ॲक्सेस यात मोठा फरक आहे. डेमोमध्ये बनवणारा दाखवतो आणि बाकीचे टाळ्या वाजवतात. अर्ली ॲक्सेसमध्ये वापरणारा वापरतो आणि बनवणारा गप्प बसून बघतो.

नाशिकनं हे आधी केलंय

२७ ऑगस्ट २००३ ला नाशिकच्या कुंभमेळ्यात चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविकांचा जीव गेला. पुढचा सिंहस्थ २०१५ मध्ये होता. त्याच्या दीड वर्ष आधी, २०१४ च्या सुरुवातीला, नाशिकमध्ये 'कुंभथॉन' सुरू झालं. मूळचे नाशिकचे आणि अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमधले शास्त्रज्ञ रमेश रासकर यांचा त्यात पुढाकार होता. विद्यार्थी, इंजिनिअर, डॉक्टर आणि प्रशासनातली माणसं शिबिरांमध्ये एकत्र बसत आणि गर्दी, आरोग्य, निवास अशा प्रश्नांवर उपाय तयार करत.

त्यातूनच 'आशिओतो' पुढे आलं. जपानी भाषेत या शब्दाचा अर्थ पावलांचा आवाज. नाशिकच्या निलय कुलकर्णी या १५ वर्षांच्या मुलानं २०१४ मध्ये या कामाला हात घातला. कल्पना साधी होती: रस्त्यावर दाब ओळखणारी चटई अंथरायची, तिच्यावरून किती लोक गेले ते मोजायचं आणि आकडा प्रशासनापर्यंत पोहोचवायचा. एखाद्या वाटेवर माणसं झपाट्यानं वाढली, तर मागची गर्दी वेळीच वळवता येईल.

२०१५ च्या मेळ्यात ही यंत्रणा प्रत्यक्ष वापरली गेली आणि त्या मेळ्यात चेंगराचेंगरी झाली नाही. याचं सगळं श्रेय एका चटईला देणं बरोबर नाही. बंदोबस्त आणि गर्दीचं नियोजन करणाऱ्या हजारो हातांचाही त्यात वाटा होता. पण मेळ्याच्या कितीतरी आधी कामाला लागणं आणि ज्यांना यंत्रणा वापरायची आहे त्यांना सुरुवातीपासून सोबत घेणं, ही त्या प्रयोगातली शिकण्यासारखी गोष्ट. पुढे टीसीएसनं नाशिकमध्येच 'डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर' हे केंद्र उभं केलं. तिथेही भर लोकांमध्ये जाऊन उपाय तपासण्यावर राहिला.

चाचणी होऊनही यंत्रणा का अडते?

को-विन आठवतंय? २ जानेवारी २०२१ ला देशभर लसीकरणाची रंगीत तालीम झाली. महाराष्ट्रात त्यासाठी पुणे, नागपूर, जालना आणि नंदुरबार हे जिल्हे निवडले होते. ८ जानेवारीला पुन्हा तालीम झाली. तरीही १६ जानेवारीला लसीकरण सुरू झाल्यावर पोर्टलमध्ये तांत्रिक अडचणी आल्या.

म्हणजे तालीम वाया गेली का? नाही. तालमीत रांग कशी लावायची, नोंद कशी करायची हे कळतं. पण खरा भार खऱ्या दिवशीच पडतो. म्हणून अर्ली ॲक्सेसमधून दोन गोष्टी निघायला हव्यात: काय दुरुस्त करायचं याची यादी, आणि सगळं बंद पडलं तर काय करायचं याचा कागदावरचा आराखडा.

दुसरा धडा प्रयागराजचा. २०२५ च्या महाकुंभात गर्दीवर नजर ठेवायला कृत्रिम बुद्धिमत्तेचे कॅमेरे होते. तरी २९ जानेवारीला, मौनी अमावास्येच्या पहाटे चेंगराचेंगरी झाली. सरकारी आकड्यानुसार ३० जणांचा मृत्यू झाला. स्क्रीनवर लाल ठिपका दिसल्यानं रस्ता मोकळा होत नाही. तो ठिपका पाहून कोण, कुणाला, किती मिनिटांत आदेश देतो आणि बॅरिकेडजवळच्या पोलिसापर्यंत तो पोहोचतो का, ही सगळी साखळी तपासावी लागते. नुसतं ॲप तपासून भागत नाही.

आधी कुणाला द्यायचं?

इथेच बहुतेक ॲप चुकतात. पहिले वापरकर्ते म्हणून ऑफिसातले सहकारी किंवा इंजिनिअरिंग कॉलेजचे विद्यार्थी निवडले जातात. त्यांच्याकडे चांगला फोन आणि चांगलं नेटवर्क असतं, चूक झाली तरी ते वाट काढतात. त्यामुळे अहवाल छान येतो.

नाशिकच्या यादीत खरं तर ही माणसं हवीत: पंचवटीतले रिक्षाचालक, रामकुंडावरचे पुरोहित, सफाई कामगार, होमगार्ड, बाहेरच्या जिल्ह्यातून बंदोबस्ताला येणारे पोलीस. घरात एकच स्मार्टफोन असलेली कुटुंबं. मराठी वाचता न येणारे यात्रेकरू. आणि साधा कीपॅडचा फोन वापरणारे आजी-आजोबा, कारण हरवण्याची शक्यता त्यांचीच जास्त. त्यांच्यासाठी ॲप चालत नसेल, तर हेल्पलाइन किंवा मनगटावरची ओळखपट्टी लागेल, हेही चाचणीतूनच कळेल.

तालीम करायला गर्दी कुठून आणायची?

नाशिक जिल्ह्याला ती शोधावी लागत नाही. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा असते. नवरात्रात आणि चैत्रात वणीच्या सप्तशृंगी गडावर यात्रा भरते. पौषात त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी दिंड्या येतात. प्रत्येक यात्रा म्हणजे एक टप्पा: आधी एक रस्ता, मग एक घाट, मग संपूर्ण गाव. डोंगरात नेटवर्क गेलं की ॲप काय करतं, हेही तिथेच कळेल.

पण एक अट पाळावी लागेल. जीमेलचं निमंत्रण लोकांनी आपणहून मागितलं होतं, यात्रेकरू प्रयोगासाठी आलेला नसतो. त्याचा चेहरा, फोन नंबर किंवा ठिकाण नोंदवायचं तर त्याला समजेल अशा भाषेत सांगून संमती घ्यायला हवी. चाचणी संपल्यावर ती माहिती पुसायलाही हवी.

चाचणी खरी की दिखाऊ, कसं ओळखायचं?

एक प्रश्न पुरेसा आहे: चाचणीनंतर काय बदललं? एखादं बटण काढलं, एखादी सोय रद्द केली, नवी भाषा जोडली, असं ठोस उत्तर मिळालं तर चाचणी झाली. नुसताच 'उत्तम प्रतिसाद' मिळाला असेल, तर तो डेमो होता.

एवढ्या गर्दीत ॲप कधीतरी अडकणारच. ते वणीच्या यात्रेत अडकलं तर दुरुस्त करायला वेळ असतो. रामकुंडावर, पर्वणीच्या पहाटे, तो वेळ नसतो.