नाव चुकलं की औषध चुकतं



तुमच्या गावातल्या तळ्यावर हिरवा गालिचा पसरलेला कधी पाहिलाय का? कुणी त्याला जलपर्णी म्हणतं, कुणी शेवाळ. मग एक दिवस जेसीबी येतो, ट्रक भरभरून ते हिरवं बाहेर निघतं, पेपरात फोटो छापून येतो. आणि पुढच्या पावसाळ्यानंतर गालिचा पुन्हा जागेवर! असं का होतं, त्यावर आज बोलूया. त्यासाठी आपण जबलपूरच्या गढ्याला जाऊ.

गढा आज जबलपूर शहराचाच एक भाग आहे, पण एके काळी ती गोंड राजांची राजधानी होती. या राजांनी टेकड्यांवरून उतरणारं पावसाचं पाणी अडवून तलाव बांधले. संग्रामशाहांचा संग्रामसागर अजून आहे, बाजनामठाच्या शेजारी. राणी दुर्गावतीच्या नावाचा राणीताल, तिची दासी रामचेरी हिच्या नावाचा चेरीताल, दिवाण आधारसिंहाच्या नावाचा आधारताल. शिवाय देवताल, सूपाताल, गंगासागर, बालसागर, गुलौआताल. इथली माणसं 'बावन ताल' म्हणतात ती उगाच नाही. १७८१मध्ये सागरच्या मराठ्यांनी हा मुलूख घेतला, १८१७मध्ये इंग्रज आले. राज्यं बदलली, पण पाणी साठायच्या जागा त्याच राहिल्या.

त्या जागा गेल्या त्या आपल्या काळात. राणीतालात आज स्टेडियम आहे आणि चेरीताल ही एक वस्ती आहे. जे तलाव उरले, त्यांच्यात टेकडीवरच्या पाण्याबरोबर घराघरांतलं सांडपाणीही जाऊ लागलं. सांडपाण्यात नत्र आणि स्फुरद असतं, म्हणजे वनस्पतींचं खतच. आपण तलावाला रोज खत घालतो आणि वर विचारतो, एवढं गवत आलं कुठून!

एका नेच्याची गोष्ट

जलपर्णी आपल्या ओळखीची आहे, जांभळ्या फुलांची. तिच्यासारखंच दुसरं एक तण आहे, साल्व्हिनिया मोलेस्टा. हे पाण्यावर तरंगणारं नेचे. बैतूल जिल्ह्यातल्या सारणीच्या जलाशयात ते पसरलं, तेव्हा लोकांनी त्याला 'चायनीज झालर' असं नाव दिलं. खरं तर त्याचा चीनशी काही संबंध नाही. ते मूळचं आग्नेय ब्राझीलचं.

हे ब्राझील शोधून काढायलाच शास्त्रज्ञांना कितीतरी वर्षं लागली. १९३९मध्ये हे नेचे श्रीलंकेत आणलं गेलं, तेही कोलंबोत वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासासाठी. तिथून ते सुटलं आणि भातखाचरांत, कालव्यांत शिरलं. पुढे केरळातही हेच झालं. याला बिया धरत नाहीत, पण तुकडा पडला की त्याचं नवं रोप होतं. म्हणजे यंत्राने ओढून काढताना जे तुकडे मागे राहतात, ती पुढच्या वर्षीची लावणीच समजा.

मग शास्त्रज्ञांनी विचार केला, की हे तण त्याच्या मूळ देशात कुणीतरी खात असणारच. तो खाणारा प्राणी आणायचा. पण सगळ्यांनी या नेच्याला त्याच्यासारख्याच दुसऱ्या जातीचं नाव दिलेलं होतं. त्यामुळे किडे शोधले गेले चुकीच्या झाडावर, आणि ते नव्या जागी सोडल्यावर काम करेनात. १९७२मध्ये ही जात वेगळी आहे हे ओळखून तिला स्वतःचं नाव मिळालं. १९७८मध्ये तिचं मूळ घर सापडलं. तिथे एक छोटासा काळा सोंडकिडा मिळाला.

१९८०मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मूनडारा तलावात हे किडे सोडले. तिथे सुमारे २०० हेक्टर पाण्यावर नेचे होतं. वर्षभरानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी जवळपास १८,००० टन तण संपवलं. गंमत पुढेच आहे. हा किडा जुन्याच जातीचा असावा असं सगळे धरून चालले होते. १९८५मध्ये कळलं की तीही वेगळीच जात आहे! झाडाचं नाव चुकलं होतं आणि किड्याचंही. संग्रहालयात भिंग लावून बसणारा, पानांचे केस आणि किड्यांचे पाय मोजणारा माणूस आपल्याला रिकामटेकडा वाटतो. त्याच्यावाचून हे औषध सापडलं नसतं.

पापुआ न्यू गिनीत तर या नेच्यामुळे होड्या चालेनात, मासेमारी थांबली, माणसं गावं सोडायला लागली. तिथे किडे सोडले तरी सुरुवातीला ते तग धरेनात. कारण पाण्यात नत्र कमी, त्यामुळे पानंही निकस. मग छोट्या जागेत थोडं नत्रखत देऊन पानं सकस केली, किडे वाढवले, आणि पुढे त्यांनीच नदी मोकळी केली. इथे कीटकशास्त्रज्ञ अडला तेव्हा पाण्याची रसायनं जाणणारा कामाला आला.

जबलपूरचे किडे

आता परत जबलपूरला या. इथे तण संशोधन संचालनालय आहे, १९८९पासून. पत्ता बघा, महाराजपूर, आधारताल. म्हणजे आधारसिंहाच्या तलावाच्याच नावाचा परिसर. इथल्या शास्त्रज्ञांनी हे सोंडकिडे वाढवले आणि २०१९च्या अखेरीस शेजारच्या कटनी जिल्ह्यात पडुआ गावच्या तलावात सोडले. सुमारे २० हेक्टरांचा तलाव दीड वर्षात मोकळा झाला. ना फवारणी, ना जेसीबी.

फवारणी नको हे महत्त्वाचं का, ते सांगते. या भागात तलावांमध्ये शिंगाड्याची शेती होते. तुमच्या एकादशीच्या शिंगाड्याच्या पिठामागे छातीभर पाण्यात उभं राहून वेल सांभाळणारी कुटुंबं असतात. तणनाशक मारलं तर तणाबरोबर शिंगाडाही धोक्यात येतो, मासेही. किड्याला मात्र ते एकच नेचे लागतं. तेच खातो का, हे तपासल्याशिवाय त्याला बाहेर सोडत नाहीत. नाहीतर एक पाहुणा घालवायला दुसरा आणायचा आणि तोच घर बळकावायचा!

पण किडा म्हणजे जादूची कांडी नव्हे. त्याने नेचे संपवलं आणि सांडपाणी तसंच येत राहिलं, तर त्या जागी दुसरं काहीतरी हिरवं उगवेल. म्हणून एका तलावापुढे किती जणांनी बसायला हवं ते पाहा. पाणी कुठून येतं हे सांगायला भूगर्भशास्त्राचा माणूस. पूर्वी कुठून येत होतं हे जुने नकाशे आणि कागद वाचून सांगायला इतिहासाचा. माशांसाठी मत्स्यशास्त्राचा, सांडपाण्यासाठी अभियंता. आणि काठावरच्या माणसांशी बोलायला समाजशास्त्राचा.

हा शेवटचा माणूस बहुतेक वेळा विसरला जातो. काही वर्षांपूर्वी गढ्याजवळच्या मदनमहालच्या टेकड्यांवरची वस्ती न्यायालयाच्या आदेशानंतर हलवली गेली आणि तिथे झाडं लावली गेली. टेकडी मोकळी होणं तलावांच्या दृष्टीने चांगलंच. पण दूर पाठवलेल्या घरांतल्या बाईचं धुण्याभांड्यांचं काम सुटलं का, मुलांची शाळा सुटली का, हेही त्याच अभ्यासात मोजलं जायला हवं. झाडं मोजली आणि माणसं मोजलीच नाहीत, तर तो हिशेब अर्धाच.

जबलपुरात हे सगळे जाणकार एकाच शहरात आहेत. राणी दुर्गावती विद्यापीठ आहे, कृषी विद्यापीठ आहे, पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे, वनांवर काम करणाऱ्या दोन संस्था आहेत. अंतर असतं ते विभागाविभागांत. त्यांनी एकाच तलावाच्या काठी एकत्र बसायला हवं.

आणि समुद्र?

जबलपूरचं पाणी शेवटी नर्मदेला मिळतं आणि नर्मदा खंबातच्या आखाताला. भरूचजवळच्या खाडीत हिलसा मासा पावसाळ्यात समुद्रातून गोड्या पाण्याकडे अंडी घालायला येतो. नदीतून खाली येणारं पाणी घटत गेलं, तसा तिथल्या कोळ्यांच्या जाळ्यातला हिलसाही घटला. समुद्रातल्या माशाचा आजार असा कितीतरी वर, नदीत सापडतो.

आपल्या कोकणातल्या खाड्यांनाही हाच नियम. तिवर, कांदळ ही झाडं भरतीच्या पाण्याची ठरावीक पातळी मागतात. ती न पाहता चिखलात रोपं खोचली तर बरीचशी मरतात. पण बांध घालून अडवलेलं भरतीचं पाणी पुन्हा आत येऊ दिलं, तर पुष्कळदा बिया आपल्या आपण वाहत येतात आणि रुजतात. आधी पाणी समजून घ्यायचं, मग झाडं लावायची.

आपण काय करायचं?

घरातल्या काचेच्या टाकीतली शोभेची पाणवनस्पती कंटाळा आला म्हणून तळ्यात, नाल्यात कधीही टाकू नका. वाळवा आणि कचऱ्यात टाका. तळ्यावर नवं काही हिरवं दिसलं तर जवळून, पानाखालूनही फोटो काढा आणि जवळच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागाला दाखवा. सुरुवातीला ते टोपलीभर असतं, तेव्हाच काढणं सोपं.

आणि घरात आजी-आजोबा असतील तर मुलांना त्यांच्याजवळ वही घेऊन बसवा. आपल्या तळ्याचं जुनं नाव काय, पाणी कुठल्या बाजूने यायचं, जादा झालं की कुठे जायचं, त्यात कोणते मासे मिळायचे, सगळं लिहून घ्या. तण परत काढता येतं. पण पाण्याची वाट कुणालाच आठवेनाशी झाली आणि तिच्यावर घरं उभी राहिली, की कुठल्याही विद्यापीठाला तळं परत आणता येत नाही. राणीताल आता फक्त नावात उरला आहे. तुमच्या तळ्याची वाट अजून कुणाच्या तरी आठवणीत असेल, तेवढी या रविवारी उतरवून ठेवा.