एक कनेक्शन, दोन कॉम्प्युटर आणि आपलं ‘राहू दे’



आमच्या घरात नेटचं कनेक्शन एक आणि कॉम्प्युटर दोन. सुनेचा ऑफिसचा लॅपटॉप आतल्या खोलीत, राउटरच्या शेजारी. माझा जुना डेस्कटॉप बाहेरच्या खोलीत, मध्ये दोन भिंती. सकाळी अकरा वाजता माझा ऑनलाइन स्वाध्याय असतो. महिला मंडळाचा जमाखर्चही मी याच कॉम्प्युटरवर लिहिते. आणि सुनेची ऑफिसची मीटिंगसुद्धा नेमकी अकराचीच.

तिच्या मीटिंगमध्ये चित्र अडकलं की आतून आवाज यायचा, “आई, तुमचं नेट चालू आहे का?” ती काही रागाने विचारत नसे. पण मी लगेच बंद करायचे. “राहू दे, माझं काय, मी नंतर ऐकेन,” म्हणायचे आणि उठून पोळ्यांना लागायचे. मनातून जरा बरंही वाटायचं, की आपण त्याग केला.

असे चार महिने गेले. स्वाध्यायाचे कितीतरी दिवस बुडाले. मंडळाचा वार्षिक हिशेब मला वेळेवर पाठवता आला नाही. तेव्हा मंडळातून निरोप आला, “ताई, जमत नसेल तर सांगा, दुसऱ्या कोणाकडे देऊ.” इतकी वर्षं पै-पैचा ताळमेळ लावत आले, त्यामुळे ते वाक्य फार लागलं.

चिरंजीव म्हणाले, “तुझ्यासाठी दुसरं कनेक्शन घेऊ.” मी आधी कागद-पेन घेतलं. महिन्याला ५९९ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७०६ रुपये ८२ पैसे. वर्षाचे जवळजवळ ८,४८२ रुपये. पैशाचं एक सोडा. आपण भोगोपभोग परिमाणाचा नियम घेतो, ताटातल्या भाज्या मोजतो, साड्या मोजतो. मग नेट का मोजू नये? आहे ते पुरत नाही हे ठरवण्याआधी आहे किती, ते तरी बघावं.

म्हणून हिशेब मांडला. आमचा प्लॅन १०० एमबीपीएसचा. चांगल्या व्हिडिओ कॉलला साधारण ४ एमबीपीएस लागतात. दोघींचे मिळून आठ. म्हणजे शंभरातले ब्याण्णव शिल्लक! सरकारच्या २००४ च्या धोरणात तर २५६ केबीपीएस वेगालाही ब्रॉडबँड म्हटलं होतं. आम्ही त्याच्या जवळजवळ चारशे पट घेऊन बसलो होतो आणि तरी सासू-सुनेला पुरत नव्हतं. जमेला एवढी शिल्लक असताना तूट दिसली, तर चूक वाटपात असते. कॉमर्सला हेच शिकले होते.

ती चूक भाच्याने दाखवली. बाहेरून लाइन एकच येते, आणि राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला वेगळा पत्ता देऊन ज्याचं त्याला पोचवतो. वायफायचे पट्टे दोन. २.४ गिगाहर्ट्झचा लांब पोचतो पण हळू असतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वायफायचीही त्यावर गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान, पण भिंतीपुढे थकतो. माझ्या डेस्कटॉपला मागे लावलेला छोटा डोंगल फक्त २.४ चा. सुनेचा लॅपटॉप राउटरशेजारी असूनही त्याच पट्ट्यावर जोडलेला. एका पट्ट्यावर सगळी यंत्रं आळीपाळीने बोलतात. दोन भिंतींपलीकडून माझं यंत्र अडखळत बोलायचं, तेवढा वेळ तिचं थांबून राहायचं. शिवाय घरातले मोबाइल दिवसभर आपापले फोटो वर चढवत होते, तो भार वेगळाच.

उपाय साधा निघाला. राउटरच्या मागे लॅन केबलची जागा रिकामीच होती. तिथून पंधरा मीटर केबल भिंतीच्या कडेने आणून माझ्या डेस्कटॉपला जोडली. या केबलला १०० मीटरपर्यंत अडचण नसते. सुनेचा लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर टाकला. फोटो रात्री चढतील असं मोबाइलमध्ये लावून ठेवलं. दुसऱ्या दिवशी अकराला तिची मीटिंग आणि माझा स्वाध्याय, दोन्ही सुरळीत झाले. कनेक्शन तेच, बिल तेच.

पण मला सांगायचंय ते केबलबद्दल नाही. संध्याकाळी सूर्यास्ताआधीचं जेवण आटोपल्यावर सून म्हणाली, “आई, मला वाटायचं तुम्हाला कंटाळा येतो म्हणून तुम्ही बंद करता. तुमचा वर्ग बुडतोय हे एकदा तरी म्हणायचं होतंत. मी मीटिंग अर्धा तास पुढे मागितली असती.”

मी गप्प झाले. दशलक्षणात त्याग आठवा, आर्जव तिसरं. मी आठव्याचं नाव घेत होते आणि तिसऱ्यालाच चुकत होते. तोंडाने ‘राहू दे’ आणि मनात तिच्या नावे खर्ची टाकणं, हा त्याग नाही. त्यात माया कषाय होता. बिचारीला आपल्यावर उधारी चढतेय हेही माहीत नव्हतं.

मैत्रिणींनो, पगाराचं ते काम आणि आपलं ते ‘नंतर चालेल’ असं घरातल्यांच्या आधी आपणच ठरवून टाकतो. स्वाध्याय, पाठशाळेची तयारी, मंडळाच्या वह्या ही कामंच आहेत. घरात खरोखर एकच वाटी दूध असेल तर ते लेकरापुढे जरूर सरकवा. पण भांडं भरलेलं असताना उपाशी उठून जाण्यात कसला धर्म? यापुढे कोणी “तुमचं नेट चालू आहे का?” विचारलं, तर बंद करू नका. “हो, माझा वर्ग चालू आहे. तुझं का अडकतंय ते मिळून बघू,” असं सांगा.

मंडळाचा हिशेब गेल्या आठवड्यात पाठवला. पै-पै जुळली.