‘बंडाना’ आपला, मग बांधणी कुणाची?

‘बंडाना हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडून उचलला’ असा एक फॉरवर्ड सध्या फिरतोय. खाली ‘गर्व आहे’वाल्यांची रांग. माहिती खरी आहे हो. हिंदीत ‘बांधनू’ म्हणजे कापडाला गाठी बांधून रंगवण्याची रीत. आपल्या ‘बांधणे’चं मूळही तेच. अठराव्या शतकात बंगालचे ठिपकेदार रेशमी रुमाल इंग्लंडला जायचे. तपकीर ओढणाऱ्यांची सोय झाली, गडद रुमालावर डाग दिसत नसत.

फॉरवर्ड इथंच संपतो. खरी गोष्ट पुढं आहे.

रुमाल खपतोय म्हटल्यावर ग्लासगोच्या कारखानदारांनी काय केलं? लाल रंगवलेलं सुती कापड शिशाच्या नक्षीदार पत्र्यांत दाबायचं आणि त्यातून ब्लीचचं पाणी सोडायचं. पाणी पोचलं तिथं पांढरा ठिपका. एकही गाठ न बांधता ‘बंडाना’ तयार! नाव राहिलं, गाठ गेली.

याला आपण लूट म्हणतो. म्हणायलाच हवं. पण मग आज आपल्याच बाजारात काय चाललंय? नवरात्र, लग्नसराई आली की दुकानाबाहेर ‘बांधणी’ची पाटी आणि आत पॉलिस्टरवर छापलेले ठिपके. विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘ताई, सेमच दिसतं.’ अहो, सेम दिसतं हाच तर ग्लासगोवाल्यांचा धंदा होता!

तिकडे कच्छ-जामनगरकडे बाया नखाच्या टोकानं चिमूटभर कापड उचलून दोरा गुंडाळतात. एका ओढणीत हजारो गाठी, मजुरी गाठींच्या हिशोबानं. छापील माल त्याच नावानं विकला की पोटावर पाय येतो तो या बाईच्या.

स्वस्त प्रिंट घेऊच नका, असं म्हणत नाही. ज्याचा त्याचा खिसा. पण पाटीवर सरळ ‘बांधणी प्रिंट’ लिहा ना! खोटं वर्णन करून माल विकणं ही ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे.

आपणही डोळे उघडे ठेवूया. सगळे ठिपके साच्यातून काढल्यासारखे आणि उलटी बाजू फिकी, तर समजा छापील. हाताच्या गाठीचा ठिपका थोडा वेडावाकडा असतो, कापडाला चुण्या असतात. महाग घेत असाल तर बिलावर ‘हाताची बांधणी’ लिहून मागा. दुकानदार का-कू करायला लागला की समजून जा.

शब्दाचा गर्व नंतर करू. आधी गाठीचे पैसे द्या.