पहिले गोंदण, संमेलनात

टॅटूंचेही संमेलन भरते हे ऐकल्यावर आमच्या प्राध्यापक-कक्षात उमटलेली पहिली प्रतिक्रिया हसण्याची होती. संमेलन म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे मांडव, अध्यक्षीय भाषण आणि ठराव येतात. तेथे कोणी बाही सारून सुईखाली बसेल, ही कल्पना पचनी पडत नाही. दुसरी प्रतिक्रिया मात्र विचार करायला लावणारी होती. जन्मभर अंगावर राहणारी गोष्ट अशा बाजारगर्दीत करून घ्यावी काय? निदान पहिली तरी शांतपणे, चार भिंतींच्या आत करावी, असे एका ज्येष्ठ सहकाऱ्याचे म्हणणे पडले. या आक्षेपाला उत्तर देणे आम्हांला आवश्यक वाटते. कारण आम्हां दोघांपैकी एकीने आपले पहिले गोंदण अशाच एका संमेलनात करून घेतले आणि दुसरा शेजारी उभा राहून ते पाहत होता.

गोंदणे हे आपल्याकडे एकांतातले कर्म कधीच नव्हते. गोंदणारीण दारी आली की आळीतल्या बायका अंगणात जमत. जत्रेत तर पाळण्याच्या आणि बांगड्यांच्या दुकानांच्या मधोमध नक्षीचे पुठ्ठे मांडून, बॅटरीवर चालणारे यंत्र घेऊन गोंदणारा बसलेला असे, आजही बसतो. भोवती बघ्यांचे कडे, त्यात कोणाचे नाव कोणाच्या हातावर उमटते आहे याची कुजबुज. हे यंत्रही काही आपल्या मातीतले नव्हे. सॅम्युएल ओरायली याने १८९१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याचे पेटंट घेतले, तेही एडिसनच्या विजेवर चालणाऱ्या लेखणीवरून. म्हणजे या सुईचे मूळ लेखणीत आहे. (मराठीच्या प्राध्यापकांनी एवढे तरी लक्षात ठेवायला हरकत नाही.) पुढे १९७६ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथे टॅटूकारांचे पहिले मोठे संमेलन भरले. न्यूयॉर्क शहरात त्या वेळी या धंद्यावर बंदी होती. ती १९६१ पासून १९९७ पर्यंत टिकली. संशयाखाली वावरणारे कारागीर तेथे उघड्यावर येऊन एकमेकांचे हात पाहू लागले. आपल्या शेजारी काठमांडूत २०११ पासून असा मेळा भरू लागला. तेव्हा गर्दी हाच आक्षेप असेल तर तो जत्रेवरही घ्यावा लागेल.

परंतु एवढ्यावरून 'ही तर आपल्याच परंपरेची नवी पालवी' असा जो सूर अलीकडे ऐकू येतो, त्यात आम्ही आमचा सूर मिसळणार नाही. गोंदणाविषयी मराठी साहित्यिक मनाला मोठा उमाळा आहे. आठवणीला गोंदणाची उपमा देण्याची आपल्याला सवयच जडली आहे. शांता शेळके यांच्या एका कवितासंग्रहाचे नावच 'गोंदण' आहे. उपमेत सुई टोचत नाही. प्रत्यक्षात आठ-दहा वर्षांच्या मुलीला दोघीतिघी धरून बसवत, काजळीत बुडवलेल्या सुया कपाळावर, हनुवटीवर, कोपरापर्यंत टोचल्या जात आणि वर हळद चोपडली जाई. तुळस हवी की विंचू हवा, हे तिला कोणी विचारत नसे. बाकी दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढे बरोबर येते, ही तिची समजूत काढण्याची रीत होती. पुढे शिकलेल्या मुलींच्या पिढीने हे सारे मुकाट्याने नाकारले. गोंदण लोपले असे म्हणताना आपण हळहळतो. त्या मुलींनी ते सोडले, असे म्हणून पाहावे.

अंगावरच्या अक्षराला शिक्षेचाही इतिहास आहे. कंपनी सरकारच्या बंगालमध्ये जन्मठेपेच्या कैद्याच्या कपाळावर त्याचा गुन्हा गोंदवत असत. ही पद्धत १८४९ मध्ये रद्द झाली. 'दीवार' (१९७५) या चित्रपटातील मुलाच्या हातावर जमावाने बापाच्या चोरीविषयीचे वाक्य गोंदवले, ते याच कुळातले. काफ्काच्या 'दंडवसाहत' कथेतील यंत्र (१९१९) कैद्याच्या देहावर त्याने मोडलेली आज्ञा लिहिते आणि ती त्याला डोळ्यांनी वाचता येत नाही, जखमांवरून उमगते.

संमेलनातला फरक इथे आहे. तेथे बसणारा आपल्या पायांनी येतो, संमतिपत्रावर सही करतो, सुईचे पाकीट आपल्यासमोर फोडून घेतो. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आपला हात देण्याआधी त्याला दुसऱ्याचा हात पाहता येतो. दुकानात गेल्यावर कारागिराची छायाचित्रे दाखवतात. छायाचित्रात चांगलेच काम लावलेले असते. संमेलनात तासभर उभे राहून तो रेघ कशी ओढतो, किती वेळा पुसतो, गिऱ्हाईक कळवळले की थांबतो की नाही, हे सारे पाहता येते. आम्ही तीन मंचांपुढे असे उभे राहिलो आणि चौथा निवडला. पहिल्याच वेळी असणाऱ्याला याहून चांगली सोय कोठे मिळेल? एक उणीव मात्र मान्य केली पाहिजे. कारागीर दूरगावाहून आलेला असतो. रेघ कोठे फिकी पडली तर ती भरून द्यायला तो महिन्याभराने सापडत नाही.

आता अक्षराविषयी. आमच्यातील एकीने मनगटाच्या आतल्या बाजूला एकच अक्षर मागितले: 'ल'. कारागिराने मोबाइलवरून अक्षर काढून त्याचा जांभळा ठसा तयार केला, तो उभा दंड असलेला, हिंदी वळणाचा 'ल' होता. त्याला देवनागरी वाचता येत नव्हती. त्याच्या दृष्टीने ती एक आकृती होती आणि आकृती त्याने चोख उतरवली होती. काफ्काच्या कथेत ज्याच्या अंगावर लिहायचे त्याला मजकूर ठाऊक नसतो, येथे लिहिणाऱ्यालाच तो ठाऊक नव्हता. ठसा पुसला गेला. मग कागदावर पेनाने देठाचा, दोन सारख्या पोटांचा मराठी 'ल' काढून दिला, त्यावरून नवा ठसा झाला आणि पंचवीस मिनिटांत काम आटोपले. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने हाच देठयुक्त 'ल' प्रमाण ठरवला, तरी फाँट पुरवणाऱ्यांपर्यंत तो निर्णय पुरता पोहोचलेला नाही. पाठ्यपुस्तकात दुसरे वळण आले तर पुढच्या आवृत्तीत ते बदलता येते. मनगटाला पुढची आवृत्ती नाही.

या संदर्भात डेव्हिड बेकहॅमची गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्याने २००० मध्ये पत्नीचे नाव देवनागरीत गोंदवून घेतले आणि ते चुकीचे आहे म्हणून जगभर त्याची थट्टा झाली. हिंदीत 'विक्टोरिया' असे लिहितात, त्याच्या हातावर 'व्हिक्टोरिया' उमटले होते. आता ज्या मराठी माणसाने 'व्हिक्टोरिया टर्मिनस' असे लिहीत-वाचत अर्धे आयुष्य काढले, त्याने यात काय चूक काढावी? ते नाव शुद्ध मराठीत होते. थट्टा करणाऱ्यांना देवनागरी म्हणजे हिंदी एवढेच ठाऊक होते आणि आपल्याकडच्याही कोणी उठून ही दुरुस्ती सुचवल्याचे आमच्या पाहण्यात नाही. वेलांटीवरून आपसांत वर्षानुवर्षे भांडणारे आपण, जगातल्या एका प्रसिद्ध हातावर आपले 'व्हि' असताना गप्प बसलो.

त्या संमेलनात आम्ही इतरांचे हातही वाचले. तो सवयीचा दोष. 'आर्शीवाद' एका दंडावर होता, 'शक्ती' आणि 'शक्ति' शेजारशेजारच्या मंचांवर एकाच वेळी चालू होते. पहिल्या गृहस्थांना आम्ही काही बोललो नाही. बोलून उपयोग नव्हता आणि त्यांच्या चेहऱ्यावरचे समाधान खरे होते. ठसा उमटल्यापासून सुई लागेपर्यंत दहा मिनिटे असतात, जे काही बोलायचे ते तेव्हाच बोलायला हवे.

म्हणून आमची सूचना एवढीच आहे की, महाराष्ट्रात वा गोव्यात असे संमेलन भरेल तेव्हा आयोजकांनी मुद्रितशोधकाचे एक टेबल ठेवावे. एक शब्दकोश, दोन पेन्सिली आणि शुद्धलेखन येणारी दोन माणसे पुरेत. आमच्या विभागातील एम.ए.च्या दोन विद्यार्थिनींनी आपली नावे आत्ताच दिली आहेत. त्यांच्या मानधनाचे तेवढे आयोजकांनी पाहावे.